बावन्न किलो

"उतर. चपला काढ आणि पुन्हा चढ," बाबा म्हणाले.

मी उतरले, चपला काढल्या आणि सांताक्रूझ विमानतळावरच्या सामान तोलायच्या काट्यावर पुन्हा उभी राहिले. मला चोविसावं लागलं होतं, अंगावर आईची जांभळी पैठणी होती आणि रांगेतले एक सुटाबुटातले गृहस्थ मान वाकडी करून काट्यावरचा आकडा वाचत होते.

"हे कुठे चाललंय?" त्यांनी विचारलं.

"नागपूरला," आकड्यावरची नजर न काढता बाबा म्हणाले. "सत्तेचाळीस. आता पिशवी घे हातात."

"अहो, साडीसुद्धा उतरवायला सांगाल आता," आई म्हणाली.

बाबांनी पैठणीकडे पाहिलं. ते खरोखरच विचार करत होते, हे आम्हा दोघींनाही दिसलं.

"नको," ते म्हणाले.

बाबा सरकारी विमान कंपनीत होते. नवऱ्याचं नाव घेऊ नये तसं आमच्या घरात तिचं नाव कुणी घेत नसे. नुसतं 'कंपनी' म्हणत. उड्डाणाआधी विमानाच्या वजनाचा हिशेब जुळवायचा, हे बाबांचं काम. माणसं किती, सामान किती, टपाल, माल, इंधन किती, आणि सगळं मिळून विमानाला झेपेल त्यापेक्षा जास्त तर होत नाही ना. या हिशेबाच्या कागदाला लोडशीट म्हणत. त्यावर सही झाल्याशिवाय विमान जागचं हलत नसे. हा कागद घरी येत नसे, पण त्याची सवय आली होती. सहलीला निघताना बाबा सगळ्यांच्या पिशव्या हातात घेऊन उचलून बघत आणि एकीतलं दुसरीत घालत.

कंपनीच्या माणसाच्या कुटुंबाला फुकट प्रवासाचा पास मिळे. पण अट अशी, की पैसे भरलेले सगळे प्रवासी चढल्यावर जागा उरली, तरच तुम्ही चढायचं. त्यामुळे प्रवासाच्या दिवशी आमच्या घरात कंपनीचं नुकसान व्हावं अशी मनोमन इच्छा असे. या वेळी तर आईने गणपतीला एकवीस मोदक बोलून ठेवले होते. आदल्या दिवशी ते बाबांना कळलं.

"विमान रिकामं जाऊ दे म्हणून देवाला सांगितलंस? ज्या कंपनीचं खातो तिचं?"

"सगळं रिकामं नाही म्हटलं," आई म्हणाली. "तीन जागा म्हटलं."

आम्हाला नागपूरला पोहोचायचंच होतं. बाबांच्या मोठ्या बहिणीच्या, शालूआत्याच्या मुलीचं, मृदुलाचं त्या दिवशी लग्न होतं. मुहूर्त अकरा चाळीसचा. बाबा मृदुलाचे एकुलते एक मामा. गौरीहर पुजताना नवरीने नेसायची ती पिवळी साडी मामाकडची, आणि मग तिला हाताला धरून मांडवात आणायचं तेही मामाने. त्या साडीशिवाय नवरी तयार होणार नव्हती आणि मामाशिवाय खोलीतून बाहेर पडणार नव्हती. साडी आमच्या पिशवीत होती आणि मामा काट्याशेजारी उभे होते.

खरं तर आत्याचे यजमान, दिवाकर पांढरीपांडे, यांनी दोन दिवस आधीच्या रेल्वेची तिकिटं काढून पाठवली होती. बाबांनी ती परत केली. मे महिन्यात त्यांना रजा मिळत नव्हती हे खरं, पण कारण तेवढंच नव्हतं. पांढरीपांडे काका नागपुरात वकिली करत आणि उरलेल्या वेळात वर्तमानपत्रांना पत्रं लिहीत. त्यांचा आवडता विषय म्हणजे कंपनी. मथळा बहुधा एकच असे: 'जबाबदार कोण?' छापून आलं की ते कात्रण बाबांना पाठवत. बाबा त्यातल्या चुकलेल्या आकड्यांना लाल शाईने गोल करत, समासात बरोबर आकडे लिहीत आणि कात्रण साभार परत पाठवत. असं बारा वर्षं चाललं होतं. अशा माणसाच्या मुलीच्या लग्नाला रेल्वेने जाणं बाबांना शक्यच नव्हतं. 'कंपनी मला वेळेवर पोहोचवील,' असं त्यांनी कार्डावर लिहून कळवलं होतं.

आणि त्या सकाळी कंपनी पोहोचवणार होती. सात वाजता आम्ही काउंटरपाशी आलो, तर बाबांचे सहकारी विल्सन डाबरे हसतच बाहेर आले. डाबरे वसईचे. त्या दिवशी लोडशीट त्यांच्याकडे होती.

"टेंबेसाहेब, अकरा जागा रिकाम्या! वजनातपण बसताय. माणशी पंच्याहत्तर धरून तिघांचे सव्वादोनशे, वर सात किलो सामान, नेमकी तेवढीच जागा उरलीय. चला, पास द्या."

"एकवीस मोदक," आई माझ्या कानात म्हणाली.

त्या क्षणी बाबांनी पास द्यायला हवे होते. दुसऱ्या कुणीही दिले असते. बाबांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "बघू जरा कागद."

"साहेब, आज तुमची सुट्टी आहे."

"नुसता बघतो."

ते उभ्या उभ्या कागद वाचू लागले. आई माझ्याकडे पाहून म्हणाली, "झालं." तिचं लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली होती.

"डाबरे, मालाची यादी दाखवा."

डाबऱ्यांनी यादी दिली. बाबांचं बोट वरून खाली सरकत गेलं आणि तळाच्या एका ओळीवर थांबलं. जरा जास्तच वेळ थांबलं.

"या नऊ पेट्या आंब्याच्या. सकाळी उशिरा आलेल्या. या बेरजेत कुठे आहेत?"

डाबऱ्यांनी कागद घेतला, पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "राहिल्या, साहेब."

"वीस किलोची एक. एकशे ऐंशी." बाबांनी खिशातून पेन काढलं. "दोनशे बत्तीसातून गेले एकशे ऐंशी. उरले बावन्न."

"एकशे ऐंशी किलोने काय विमान पडतंय, साहेब?"

"पडत नाही. पण कागद खोटा होतो."

"मग पेट्या उतरवतो. उद्याच्या विमानाने जातील."

"मे महिना आहे. कुणाच्या घरी कार्य असेल. नाही उतरवायच्या."

"आपल्या घरी काय आहे मग?" आईने विचारलं. आवाज अजून खालचा होता. "अहो, तुम्ही मामा आहात. तिकडे पोरगी साडीसाठी खोळंबून बसेल. आणि इथे तुम्ही आंब्यांना आधी चढवताय?"

"आंब्यांनी भाडं भरलंय," बाबा म्हणाले. "आपण फुकट चाललोय."

आईने पर्समधून रुमाल काढला, चेहरा टिपला आणि बाकावर जाऊन बसली. नंतर मला ती म्हणाली, की एकवीस मोदक बोलताना आंब्यांचं सांगायचं राहिलं, ही चूक तिचीच.

बावन्न किलोत माणशी पंच्याहत्तरच्या हिशेबाने कुणीच बसत नव्हतं. डाबरे कॅप्टनला विचारून आले. प्रत्यक्ष वजन करून बावन्नाच्या आत कुणी असेल तर एकाला घ्यायला त्याची हरकत नव्हती. बाबा एकाहत्तर होते. आई आकडा सांगत नसे, पण तीही बावन्न नव्हती. अशा रीतीने मी काट्यावर आले.

पिशवी धरून बावन्न किलो चारशे भरले.

"चारशे ग्रॅम, साहेब!" डाबरे कळवळून म्हणाले. "चालवून घ्या की."

"चारशे ग्रॅमने काही होत नाही, डाबरे. चालवून घेतलं की मग होतं." बाबांनी पिशवीत हात घालून ओटीचा नारळ काढला आणि आईच्या मांडीवर नेऊन ठेवला. "नागपुरात मिळतो."

एक्कावन्न आठशे. बाबांनी आकड्याकडे पाहिलं. मग खांद्यावरचं जरीकाठी उपरणं काढलं, नीट घडी घातली आणि पिशवीत सारलं. काटा बावन्नावर येऊन थांबला.

"मांडवात हे घे अंगावर," ते म्हणाले. "आता मामा तू."

"बाबा, मी कशी—"

"हात घट्ट धर तिचा. मृदुला लहानपणापासून धडपडते. आणि शालूताईला सांग, मी—" त्यांनी पुढचं वाक्य शोधलं, सापडलं नाही. "सांग, उद्या येतो."

"माझ्या चपला?"

"आई आणेल."

विमान वेळेवर सुटलं. मिनिटाचाही उशीर नाही. माझ्या आयुष्यात कंपनीचं इतकं वेळेवर सुटलेलं विमान मी दुसरं पाहिलं नाही. शेजारच्या दोन जागा रिकाम्या होत्या. मी एका जागेवर पिशवी ठेवली आणि तिचा पट्टा लावला.

नागपूरला उतरले तेव्हा पावणेनऊ झाले होते आणि धावपट्टी तापली होती. पैठणी वर धरून, एका पायावरून दुसऱ्यावर उड्या मारत मी इमारतीपर्यंत पोहोचले. दारात पांढरीपांडे काका उभे होते. धोतर, सिल्कचा सदरा, कपाळावर गंध आणि हातात कसलेसे कागद.

"तू एकटी? मुकुंद कुठे आहे?"

"बाबा नाही आले. वजन जास्त झालं."

"कोणाचं?"

"सगळ्यांचंच. बावन्न किलोचीच जागा होती. मी बसले त्यात."

काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. नजर पायांवर थांबली. "अन् चपला?"

"त्या नाही बसल्या."

मग त्यांना बारा वर्षांत मिळालं नव्हतं इतकं मोठं समाधान मिळालं.

"बाप्पा! स्वतःच्या माणसाला उतरवलं! मुलीच्या मामाला! अन् विचारतात कंपनी काहून बुडून राहिली! अगं, मंत्र्याच्या कुत्र्याला जागा देतील हे लोक, पण—" त्यांनी घड्याळ पाहिलं. "तू जा गाडीनं. साडी दे नेऊन आत्याला. माझं इथं मालधक्क्यावर एक काम आहे, उरकून येतो मागून."

मंगल कार्यालयात आत्याने आधी साडी छातीशी धरली, मग मला, आणि मग दाराकडे पाहिलं.

"मुकुंदा?"

"उद्या येतो म्हणालेत."

आत्याचे डोळे भरले. ती एवढंच म्हणाली, "कागद बघितला असेल त्यानं." भावाला ती त्याच्या जन्मापासून ओळखत होती.

अकरा पस्तीसला गुरुजींनी हाक दिली, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!"

मी उपरणं अंगावर घेऊन मृदुलाचा हात धरला. दारात नवऱ्याकडची कुणी पोक्त काकू उभी होती. ती म्हणाली, "अगं बाई, मामा कुठेय? बायकांनी कसं चालेल? चुलते असतील ना कुणी?"

मंडपात कुजबुज सुरू झाली. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. काका एका दूरच्या भावाला पुढे ढकलू लागले. तो भाऊ मृदुलाने जन्मात पाहिला नव्हता.

"बाबा," मृदुला म्हणाली. पिवळ्या साडीत, मुंडावळ्या बांधून, ती पाटावर पक्की बसून होती. "मामानं अरूला पाठवलंय. वजन करून पाठवलंय. मी दुसऱ्या कोणाबरोबर उठत नाही."

"मृदुले, चार मिनिटं राहिलीत न!"

"मग बोलत काहून बसलात?"

नवऱ्या मुलाचे आजोबा पहिल्या रांगेत होते. कानाला यंत्र लावून त्यांनी सगळं ऐकलं आणि मोठ्याने म्हणाले, "चांगला दिसतो की मामा! आणा!"

मंडप हसला. मी हात घट्ट धरला. उंबऱ्यापाशी मृदुला खरंच धडपडली.

जेवणाच्या पंगतीत नवऱ्याकडचे लोक आमरसावर तुटून पडले होते. तिसऱ्यांदा वाटी पुढे करत ते आजोबा म्हणाले, "वकीलसाहेब, नागपुरात असा रस! कुठला आंबा हा?"

काका फुलले. "देवगड हापूस. खास मागवला. आज सकाळच्या विमानानं आला, मुंबईहून. नऊ पेट्या!"

माझा हात ताटातच राहिला. मी उठून मुदपाकखान्यात गेले. पेट्या भिंतीशी रचून ठेवल्या होत्या. प्रत्येकीवर कंपनीची चिठ्ठी होती. त्यावर सकाळच्या विमानाचा क्रमांक होता आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: डी. व्ही. पांढरीपांडे, धंतोली, नागपूर.

मी पेट्या मोजल्या. मग परत येऊन माझ्या वाटीतला रस संपवला. टाकून कसा देणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आणि आई कार्यालयात आले. रात्रभर रेल्वेत दाराशी वळकटीवर बसून आले होते. आईच्या एका हातात नारळ होता आणि दुसऱ्यात माझ्या चपला. मृदुला आदल्या संध्याकाळीच सासरी गेली होती. बाबांनी दारातूनच रिकामा मांडव पाहिला. कामगार बांबू सोडत होते.

ओसरीवर वीसेक नातेवाईक चहा घेत होते. काका वाटच पाहत होते.

"या मुकुंदराव! पोहोचवलं कंपनीनं वेळेवर?" सगळे हसले. काका उभे राहिले. कोर्टात राहत तसे, अंगठे बंडीत अडकवून. "आता सांग. अकरा जागा रिकाम्या होत्या, अरूनं सांगितलं मला. अकरा! अन् एकुलता एक मामा खाली. मी विचारतो, जबाबदार कोण? मंत्री? तो म्हणेल अधिकारी. अधिकारी म्हणतील पायलट. पायलट म्हणतील युनियन. युनियन म्हणेल मंत्री. बारा वर्षं झाली मी लिहून राहिलो. एक माणूस, एक माणूस तरी म्हणतो का की चूक माझी?"

"काका," मी म्हटलं, "ते आंबे—"

"अरू," बाबा म्हणाले, "पाणी आण मला."

"पण बाबा, त्या पेट्या—"

"पाणी."

मी आत गेले. माठ दारालगतच होता, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"माझी," बाबा म्हणाले.

"काय तुझी?"

"चूक. बेरीज मी तपासली. डाबरे बसवत होते आम्हाला. मी कागद मागितला नसता तर काल इथे असतो. कंपनीकडे काही दोष नाही. विमान अगदी वेळेवर होतं."

मी तांब्या घेऊन आले तेव्हा काका तसेच उभे होते, अंगठे बंडीत, तोंड थोडं उघडं. बारा वर्षं ते हा प्रश्न विचारत होते. उत्तर आल्यावर काय करायचं याची त्यांनी तयारी केली नव्हती.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "चहा घे."

दुपारी बाबा मुदपाकखान्यात एकटे बसले होते. आत्याने त्यांच्यासाठी रस काढून ठेवला होता. मी समोर जाऊन बसले.

"तुम्हाला तिथेच कळलं होतं."

"यादीत नाव होतं."

"मग बोलला का नाहीत? तिथे नाही, निदान आज तरी?"

बाबांनी वाटी पुसून खाल्ली. "काल मुलगी गेलीय त्यांची. आज त्यांना सांगू, की तुमच्या आंब्यांनी मामा अडवला?" मग थोडं थांबून म्हणाले, "धडपडली का ती?"

"उंबऱ्यापाशी."

"आणि तू?"

"धरलं होतं घट्ट."

त्यांनी मान हलवली. नंतर बराच वेळ ते रिकाम्या पेट्यांकडे पाहत होते. मला वाटलं, वाईट वाटत असेल. मग ते उठले, शेजारची एक न फोडलेली पेटी उचलून हातात तोलली आणि म्हणाले, "वीस नसावी. सतराच असेल."

नऊ गुणिले तीन म्हणजे सत्तावीस. उरलेल्या बावन्नात ते सत्तावीस मिळवले तर एकोणऐंशी. एकाहत्तर किलोचा एक माणूस त्यात, साडी घेऊन, सहज बसला असता. बाबांनी ही बेरीज माझ्या आधी केली असणार. त्यांनी पेटी होती तिथे परत ठेवली.

मी मात्र मृदुलाला पुढे कधीतरी सगळं सांगितलं आणि तिने बऱ्याच वर्षांनी ते तिच्या वडिलांना सांगितलं. त्याचा परिणाम एवढाच दिसला, की कात्रणं यायची बंद झाली. बाबा अस्वस्थ झाले. "दिवाकररावांची तब्येत बरी आहे ना?" असं त्यांनी फोन करून विचारलं.

यंदा फेब्रुवारीत बाबा गेले. सकाळी गेले. मृदुला काकांना घेऊन निघाल्याचा फोन आला, म्हणून आम्ही त्यांच्यासाठी थांबलो. काका आता चौऱ्याऐंशीचे. इतर दोन कंपन्यांची विमानं आधी निघत होती, तरी ते हट्टाने आमच्या कंपनीच्या विमानाने आले. ते विमान चार तास उशिरा आलं. मी फोनवर मिनिटामिनिटाला पाहत होते.

काका काठी टेकत आत आले. दारात चपला काढल्या. बाबांच्या पायांशी बराच वेळ उभे राहिले. मग माझ्याकडे वळले. काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "प्रवास कसा झाला, काका? विमान—"

"वेळेवर होतं," काका म्हणाले. "अगदी वेळेवर."

मागे उभ्या असलेल्या मृदुलाने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"हो," मी म्हटलं.

काका खुर्चीवर बसले. चादरीखाली बाबा फार थोडी जागा व्यापून होते. आजारपणाने त्यांना अगदी बारीक करून टाकलं होतं.

"वजन किती राहिलं होतं गं शेवटी?"

"एकोणपन्नास."

काकांनी मनात काहीतरी केलं. ओठ हलले. मग काठीवर दोन्ही हात ठेवून, बाबांकडे पाहत ते हळूच म्हणाले, "मग बसला असता की रे, मुकुंदा."